नावाआधीची जागा

मित्रांनो, मी एक जुना तांब्याचा पत्रा आहे. लांबीला वीतभर, रुंदीला त्याहून चार बोटे कमी. माझ्या अंगावर एका माणसाचा चेहरा कोरलेला आहे आणि तो उलटा आहे. उलटा म्हणजे डोके खाली असा नव्हे; तसे असते तर तुम्ही मला नुसते फिरवून घेतले असते. त्याचा डावा गाल उजव्या गालाच्या जागी आहे, आणि त्याचे नाव उजवीकडून डावीकडे लिहिलेले आहे. कागदावर छापला की तो सरळ होतो, किंवा आरशासमोर धरला की सरळ होतो. या दोन जागा सोडल्या तर जगात तो कुठेच सरळ नाही. एवढे लक्षात ठेवा, म्हणजे पुढचे सगळे समजेल.

पत्रा होण्याआधी मी घंगाळ होतो. आंघोळीचे पाणी काढायचे दोन कड्यांचे मोठे भांडे, ते मी. जबलपूरच्या कांचघर भागात बापूंच्या घरी न्हाणीत माझी तीस वर्षे गेली. बापूंचे खरे नाव मुरलीधर, पण त्या नावाने त्यांना फक्त कारखान्यातल्या हजेरीत हाक मारत. त्यांचा एकुलता एक मुलगा शशिकांत माझ्याच पाण्याने वाढला. दोन वर्षांचा असताना तो पाय घसरून माझ्यावर आदळला आणि माझी कडी त्याच्या डाव्या भुवईवर लागली. ती खूण कायमची राहिली. त्या दिवशी घरातल्या सगळ्यांनी मला चापट्या मारल्या. त्या मी अजून विसरलेलो नाही.

बापूंचे घराणे उलटे लिहिणाऱ्यांचे. नागपूरकर भोसल्यांच्या कारकिर्दीत त्यांचे पूर्वज शिक्के कोरायला म्हणून इकडे आले आणि नर्मदेकाठी कायमचे राहिले. शिक्क्याची अक्षरे उलटी कोरावी लागतात. राज्य गेले, शिक्के गेले, पण हातातली विद्या गेली नाही. बापू तोफगाड्यांच्या कारखान्यात लागले. तोफेचा नेम धरायच्या पितळी चकत्यांवर बारीक रेघा आणि आकडे कोरायचे, हे त्यांचे काम. सुटीच्या दिवशी मात्र ते घरी माणसे कोरत.

मित्रांनो, आज तुमच्या घरात फोटो किती आहेत ते तुम्हाला मोजता येणार नाहीत. तेव्हा तसे नव्हते. तांब्यावर कोरून छापलेली तसबीर म्हणजे राजेरजवाड्यांची, साहेबांची, पुस्तकाच्या पहिल्या पानावरच्या थोर पुरुषांची. भिंतीवर चेहरा असणे हा मान होता. साध्या माणसाचा फार तर एक फोटो, तोही लग्नातला. मग दुसरे महायुद्ध आले, फोटोचा कागद बाजारातून दिसेनासा झाला, आणि नेमकी त्याच वेळी घरोघरची मुले फौजेत जाऊ लागली. फोटो एक, आणि तो हवा असणारी माणसे पाच. आई म्हणे मला, बायको म्हणे मला, शहपुऱ्याला दिलेली बहीण म्हणे मला. मग लोक तो एकुलता एक फोटो फडक्यात गुंडाळून बापूंकडे आणत. बापू त्यावरून पत्रा कोरत आणि हव्या तितक्या तसबिरी छापून देत. त्यांचे छापायचे यंत्र म्हणजे उसाचा जुना चरक. बडा फुहाऱ्याच्या चौकाजवळच्या एका रसवाल्याने तो टाकून दिला होता. बापूंनी त्याचे रूळ घासूनपुसून गुळगुळीत केले, पण उन्हाळ्यात त्याला उसाचा वास यायचाच, आणि कित्येक शूर शिपायांच्या नाकाला त्यामुळे मुंग्या लागत.

बापूंचा एक नियम होता. चेहरा पूर्ण झाल्यावर नाव, आणि नाव पूर्ण झाल्यावर सर्वांत शेवटी नावाआधीचे अक्षर. तुम्हाला ते माहीतच आहे. घरातल्या लहानाला, मुलाला ‘चि.’ म्हणजे चिरंजीव. मोठ्या माणसाला ‘श्री.’. आणि जो कैलासवासी झाला, जो आता नाही, त्याला ‘कै.’. ज्या तसबिरीवर ‘चि.’ तिला हार घालायचा नाही. ज्या तसबिरीवर ‘कै.’ तिचा हार उतरवायचा नाही. एका अक्षराने सगळे घर बदलते, म्हणून ते अक्षर कोरण्याआधी बापू हात धुऊन येत.

शशिकांत कारखान्यातच फिटर होता. बेचाळीस सालच्या हिवाळ्यात तो फौजेच्या दुरुस्ती पथकात भरती झाला. निघायच्या दिवशी दाराशी टांगा उभा, टांगेवाला घाई करून राहिलेला, हातात ट्रंक. तो पायरी उतरला आणि म्हणाला,

“चलो बापू, जातो.”

आपल्यात घरातून निघणारा माणूस ‘जातो’ म्हणत नाही, ‘येतो’ म्हणतो. जाणे हा शब्द आपण दुसऱ्याच कशासाठी राखून ठेवला आहे. गेला म्हणजे गेला.

“येतो म्हण, शशी,” बापू म्हणाले.

पण घोडा निघाला होता. टांग्याच्या खडखडाटात शशिकांतने मागे वळून हात हलवला आणि ओठही हलवले. काय म्हणाला ते कुणाला ऐकू आले नाही. बापूंचे कान तर तेव्हाच जरा जड झाले होते.

त्याच आठवड्यात बापूंनी मला न्हाणीतून उचलले. बाजारात तांबे मिळत नव्हते, सगळे लढाईकडे वळले होते. त्यांनी माझा तळ कापून घेतला, लाकडी हातोडीने ठोकून सपाट केला आणि कोळशाने घासून असा झळकवला की मला माझीच लाज वाटली. मग शशिकांतचा फोटो समोर ठेवून ते कोरायला बसले. कोरणी माझ्या अंगातून पुढे सरकली की तांब्याची केसाइतकी बारीक साल गोल वळून उठायची. मित्रांनो, ते दुखले का असे विचाराल तर दुखले. पण ज्या पोराला मी आंघोळ घातली तोच माझ्या अंगावर हळूहळू उमटत होता. आधी कपाळ, मग डोळे, मग भुवईवरची ती खूण. खूण कोरताना बापू थांबले आणि माझ्याकडे बघून म्हणाले, “तुझीच आहे रे ही.” शेवटी हात धुऊन येऊन त्यांनी नाव पुरे केले : चि. शशिकांत.

पहिली तसबीर भिंतीवर लागली. बाकीच्या टपालाने गेल्या. आणि मी गेलो वसुधाकडे.

वसुधा ही शशिकांतची बायको. तिला तेव्हा चौथा महिना होता. तिने बापूंना तसबीर मागितली नाही, पत्रा मागितला. मला तिने आपल्या फणीकरंड्याच्या पेटीत ठेवले. फणीकरंड्याची पेटी म्हणजे जिच्या झाकणाला आतून आरसा असतो आणि खाली कुंकू, मेण, फणी यांचे कप्पे असतात. रोज सकाळी कुंकू लावायला ती पेटी उघडायची आणि मला आपल्या खांद्याजवळ आरशाकडे तोंड करून धरायची. आरशात मी सरळ व्हायचो. तिचा चेहरा आणि त्याचा चेहरा शेजारी शेजारी दिसायचे. ती मेणावर कुंकू टेकवायची, एकदा त्याच्याकडे बघायची आणि पेटी मिटायची. झाकण पडले की अंधार. त्या अंधारात मला नेहमी वाटायचे की आरशातला तो तिथेच राहिला आहे आणि माझ्याकडे बघतो आहे. पत्र्याला भीती वाटू नये म्हणतात. म्हणणारे पत्रे नसतात.

त्रेचाळीसच्या चैत्रात एका दुपारी बळीराम आला. बळीराम हा शहपुऱ्याचा, कारखान्यात शशिकांतच्या शेजारच्या यंत्रावरचा दोस्त. तो सायकलवरून उतरलाही नाही. गहू कापायला रजा घेऊन गावी निघाला होता, मागे बोचके बांधलेले, उन्हाने आणि धुळीने डोळे लाल. बाहेरूनच त्याने आवाज दिला आणि काहीतरी ओरडून सांगितले. वसुधा आत कणीक मळत होती. तिला आवाज कळला, शब्द कळले नाहीत. बापू ओसरीत होते. त्यांच्या कानात एवढेच शिरले :

“बापूजी! शशि भैया... कै गए!”

बळीराम पॅडल मारून निघूनही गेला. बापू उभे होते तसेच खाली बसले.

वसुधाला सांगायला त्यांचे तोंड उघडेना. तिला आठवा लागायचा होता. दुसऱ्या दिवशी त्यांनी भिंतीवरची तसबीर उतरवली. “वाळवी लागून राहिली,” म्हणाले. देवपूजा तिच्यावर सोपवली. गादी सोडून नुसत्या चटईवर निजू लागले. कुणालाही न सांगता ते एकटेच सुतक पाळत होते. घरात दोन माणसे, आणि त्यांतल्या एकाच्या लेखी त्या घरात कुणीतरी मेलेले होते. तुम्ही अशा घरात कधी राहिला असाल तर तुम्हाला ठाऊक असेल, तिथे भांड्यांचासुद्धा आवाज होत नाही.

“पत्रा दे जरा, छापायचा आहे,” असे म्हणून त्यांनी मला पेटीतून काढून नेले. छापायचे काही नव्हते. त्यांनी खरवडणीने माझ्यावरचा ‘चि.’ खरवडून काढला. मग कोरणी टेकवली. जे त्यांना तोंडाने म्हणता येत नव्हते ते हाताने म्हणून टाकायचे होते. मित्रांनो, बापूंच्या हातासारखा हलका हात साऱ्या जबलपुरात नव्हता, पण तो दोन मात्रांचा ‘कै’ आणि ते टिंब त्यांनी इतके खोल कोरले की माझ्या पाठीवर फोड उठावा तसा उंचवटा आला. त्या दिवशी ते हात धुऊन आले नव्हते. मग मला फडक्यात बांधून त्यांनी चरकाच्या रुळांमागे लपवून ठेवले.

वसुधा रोज विचारायची, “बापू, पत्रा कुठं आहे?” आणि बापू म्हणायचे, “शाई धुऊन राहिलो त्याची.” दहा दिवस शाई धुतली जात नाही हे न कळायला ती वेडी नव्हती. एका सकाळी बापू कारखान्यात गेल्यावर तिने मला हुडकून काढले. घाईने पेटी उघडली, नेहमीसारखे मला खांद्याजवळ धरले आणि बोट कुंकवात बुडवले. मग तिने आरशात पाहिले.

माझ्या अंगावर ते उलटे होते, तिथे तिला वाचता आले नसते. पण आरशात ते सरळ होते. कै. शशिकांत.

तिचे बोट कपाळाजवळ थांबले. कुंकवाचा एक कण माझ्यावर पडला, नेमका त्याच्या ओठावर. आरशातली ती आरशातल्या त्याच्याकडे बघत होती, आणि मी मधे. मग तिने कुंकू लावले. रोजच्याहून मोठे, रुपयाएवढे. मला पदरात गुंडाळले, शेजारी किल्ली दिली आणि बळीरामला गाठायला शहपुऱ्याला जाणारी मोटार धरली. ती कोळशाच्या गॅसवर चालणारी मोटार. चढ आला की माणसांनी उतरून ढकलायची. सातव्या महिन्याची बाई एकटी त्यात बसली. मी तिच्या पोटाला टेकून होतो. आतले मूल माझ्यावर लाथा मारत होते. त्याला बाप आहे की नाही हे विचारायला आम्ही निघालो होतो.

बळीराम खळ्यावर गव्हाची मळणी करत होता. तिला पाहून त्याच्या हातातले सूप गळाले.

“भाभी? आप इतै?”

“बळीराम भैया, उस दिन बापू से क्या बोलके गए थे आप?”

“हम? हम तो जेई कै आए ते, के शशि भैया कै गए.”

“कै गए, मतलब?”

“मतलब कै गए! बोल गए!” बळीराम गोंधळून म्हणाला. “उनकी फौज की गाड़ी एक दिन पैले टेसन पे रुकी ती, पाँच मिनट. आगे बंगाल जा रई ती. हमाओ हाथ पकर के बोले, घर तो जा नईं सकत, बापू से इत्तो कै दइयो, ‘येतो’. हमने पूछी, जो का होत है? हँसन लगे. बोले, बापू समझ जैहें. सो हम कै आए, बापूजी, शशि भैया ‘येतो’ कै गए.”

वसुधा तिथेच गव्हाच्या राशीवर बसली. आधी हसली, मग इतकी रडली की बळीरामची आई पाण्याचा तांब्या घेऊन धावत आली. मित्रांनो, आमच्या जबलपुरात आजूबाजूला बुंदेली बोलतात, आणि तिच्यात ‘कै गए’ म्हणजे सांगून गेले. बापूंना ती बोली जन्मापासून पाठ. पण दाराशी ‘जातो’ ऐकल्यापासून ते जे ऐकू येईल म्हणून भीत होते, तेच त्यांना ऐकू आले. घाबरलेल्या माणसाला आपलीच भाषा ऐकू येते.

संध्याकाळी बापू घरी आले तेव्हा वसुधाने मला त्यांच्या पानाशेजारी ठेवले होते.

“हे काहून कोरलं, बापू?”

बापूंनी मान खाली घातली. “बळीराम म्हणाला नं, पोरी. कै... गए...”

“‘येतो’ कै गए, बापू. यांनी तुमच्यासाठी सांगून पाठवलं. येतो म्हणून.”

बापूंनी मला उचलून छातीशी धरले आणि मोठ्याने रडले. मग तिथेच, जेवण तसेच ठेवून, खरवडणी काढली. ‘कै.’ त्यांनी खरवडला, घोटणीने घोटला, माझ्या पाठीवर हातोडी मारून खड्डा वर आणायचा प्रयत्न केला. पण दोनदा खरवडलेली, एकदा एवढी खोल कोरलेली ती जागा कागदासारखी पातळ झाली होती. तिथे पुन्हा ‘चि.’ कोरायला कोरणी टेकवली तर आरपार गेली असती. ती जागा मोकळीच राहिली. आणि छापून पाहिले तेव्हा शशिकांतच्या नावाआधी एक करडा डाग उमटला. तांबे विसरत नाही. नीट बघितले तर त्या डागात दोन मात्रा दिसत.

पुढे शशिकांतची तीन पत्रे आली. मुलगी झाली, तिचे नाव त्यानेच पत्रातून सुमेधा सुचवले. बापू पुन्हा भिंतीला खिळे मारू लागले, चरक फिरू लागला. मग चव्वेचाळीसच्या उन्हाळ्यात एक दिवस वसुधाने पेटी उघडली आणि माझ्यावरून बोट फिरवले. ते ओले झाले. सगळा मी कोरडा होतो. नावाआधीची तेवढी एक जागा ओली होती. तिने पदराने पुसली, ती पुन्हा ओली झाली. जबलपुरातला वैशाख, ओठ फुटतात अशी हवा. अकरा दिवसांनी तार आली. शशिकांत बेपत्ता.

बेपत्ता. बापूंना तो शब्द कळलाच नाही. त्यांना एवढेच कळले की त्यांनी जे कोरले ते वर्षभराने खरे झाले. “माझ्या हातानं गेला तो,” असे ते भिंतीला सांगत बसत. आणि वसुधा दर वेळी म्हणे, “बेपत्ता म्हणजे गेला नाही, बापू. येतो म्हणाले आहेत.”

ही गोष्ट घरात राहिली असती तर बरे झाले असते. पण कांचघरात कुठली गोष्ट घरात राहते? बापूंच्या कोरणीला आधी कळते, असे लोक बोलू लागले. तसबीर करून घ्यायला कुणी येईना. यायचे ते वेगळ्याच कामाला. बायका डोक्यावरून पदर घेऊन येत, आपल्या मुलाची जुनी तसबीर पुढे करत आणि हलक्या आवाजात म्हणत, “बापू, आमच्या गणपतच्या नावाआधी काय येऊन राहिलं, बघा नं जरा.” बापू दोन्ही हात पाठीमागे बांधून आत निघून जात. माणसाचा मान भिंतीवर चढवणारे ते हात. आता लोक त्यांना भीत होते. शेवटी त्यांनी चरक विकून टाकला. हाताने एखादी प्रत छापता येईल एवढे एक लहान लाटणे आणि घोंगडीचा तुकडा मात्र ठेवला, वसुधासाठी. ज्या दिवशी शशिकांत निघाला होता त्या दिवशी, वर्षातून एकदा, ती माझी एकच प्रत छापायची आणि मुलीला दाखवायची. सुमेधाला बाप ठाऊक होता तो एवढाच, कागदावरचा.

अशी बारा वर्षे गेली. छप्पन साली सागरहून बापूंचे चुलतभाऊ भय्यासाहेब आले. घराण्यातले वडील माणूस, मनाने वाईट नव्हते. बेपत्ता माणसाची बारा वर्षे वाट बघायची आणि मग दर्भाचा पुतळा करून त्याला अग्नी द्यायचा, अशी रीत आहे. ते सगळे ठरवूनच आले होते. भटजी, दिवस, सामान.

“मुरली, आता पुरे. त्याच्या आत्म्याला पाणी नको? तिथी नाही, हार नाही. पत्र्यावर ‘कै.’ घाल आणि एक तसबीर काढ. आणि सूनबाई,” ते वसुधाकडे न बघता म्हणाले, “कपाळाचंही आता... बघा.”

बापू सत्तरीला आले होते. त्यांनी मला गुडघ्यावर घेतले. बारा वर्षांनी कोरणी बाहेर निघाली. टोक माझ्या त्या पातळ जागेवर येऊन टेकले. मला माहीत होते, एक दाब आणि मी फाटणार. आणि मी फाटलो असतो त्याचे काही नव्हते. पण त्या भोकातून वसुधाचे कुंकू गेले असते.

वसुधा रडली नाही, विनवणीही केली नाही. तिने आतून फणीकरंड्याची पेटी आणली, झाकण उघडून आरसा बापूंसमोर धरला आणि म्हणाली,

“कोरा, बापू. तुमचा हात मी धरणार नाही. पण आधी वाचून सांगा, तिथं आत्ता काय दिसून राहिलं.”

बापूंनी मला उचलून आरशासमोर धरले. डोळे बारीक केले. खूप वेळ बघितले. मग हात पूर्वीसारखा हलका झाला.

“येतो,” बापू म्हणाले.

“काय?” भय्यासाहेबांनी चष्मा लावून वाकून बघितले. त्यांना एक काळा डाग दिसला.

मित्रांनो, मला विचाराल तर ती जागा एका अक्षराची. तिच्यात तो शब्द मावतच नाही. आणि माझे मला दिसत नाही. पण बापू खोटे वाचणारे नव्हते. आयुष्यभर उलटी अक्षरे वाचलेला माणूस तो. त्यांनी कोरणी खाली ठेवली आणि तिचे टोक जात्याच्या दगडावर दाबून मोडले. दर्भाचा पुतळा झाला नाही. भय्यासाहेब जेवून सागरला परत गेले. जाताना दारात ‘येतो’ म्हणताना त्यांचा आवाज जरा चोरटा झाला.

त्या थंडीत बापू वारले. वसुधा सुमेधाला घेऊन राहिली, मराठी शाळेत शिकवू लागली. वर्षातून एक प्रत छापणे चालूच होते. आणि इथे माझ्याकडून जे झाले त्याची मला आजही खंत आहे. दर छपाईला तांबे थोडे झिजते. आधी बारीक रेघा जातात. गालावरची सावली गेली, डोळ्यांखालची गेली, भुवईवरची खूण गेली. वसुधाचे केस पिकत गेले आणि तो दर वर्षी अधिक कोवळा, अधिक फिकट होत गेला. फक्त एक गोष्ट फिकट झाली नाही. बापूंनी दुःखाने खोल कोरलेली ती. पासष्ट साली, पुन्हा लढाई लागलेली, कारखान्याचे भोंगे दिवसभर वाजत होते, तेव्हा वसुधाने कागद उचलला आणि तशीच उभी राहिली. चेहरा जवळजवळ नव्हताच. नावाआधी दोन मात्रा मात्र स्पष्ट उमटल्या होत्या.

तिने तो कागद चुलीत घातला. मला कोमट पाण्याने, मऊ फडक्याने पुसले. त्यानंतर मला कुणी शाई लावली नाही. रोज सकाळी आरसा तेवढा राहिला.

एकाहत्तरच्या डिसेंबरात वसुधा गेली. दोन दिवसांचा ताप, एवढेच. खिडक्यांच्या काचांना लढाईमुळे काळे कागद चिकटवलेले होते, त्यामुळे भर सकाळी खोलीत अंधारून आले होते. शेजारच्या बायका जमल्या. हिरवे लुगडे नेसवायचे की पांढरे, यावर कुजबुज चालली होती. शेवटी त्यांच्यातल्या पद्मजाकाकू पुढे आल्या.

“सुमेधा, कुंकू लावायचं का गं? तसं बघितलं तर... तीस वर्षं होत आली.”

सुमेधाने पेटी आणली, उघडली आणि मला आईच्या खांद्याजवळ ठेवले. झाकण असे धरले की आरशात दोघे आले. मी तिथे होतो, मी सांगतो. तिचा चेहरा शांत होता. त्याचा चेहरा वर्षानुवर्षे नव्हता इतका साफ दिसत होता. गालावरची सावली, डोळे, भुवईवरची माझी खूण. पद्मजाकाकू एकदम मागे सरकल्या आणि त्यांनी हात जोडले. सुमेधाने बोट बुडवले आणि आईला कुंकू लावले. रुपयाएवढे.

तेराव्याची पत्रिका छापायला ती बडा फुहाऱ्याजवळच्या छापखान्यात गेली. पिशवीत मी होतो. छापखानेवाला भला माणूस, त्याने कागद ओढून विचारले,

“दीदी, माताजी के नाम के आगे क्या डालें? श्रीमती?”

“‘कै. सौ.’ डालिए. कै. सौ. वसुधा शशिकांत.”

तो थबकला. इतकी वर्षे मराठी घरांच्या पत्रिका छापून त्यालाही कळत होते. नवरा असताना गेलेल्या बाईलाच ‘कै. सौ.’ लिहितात.

“पर दीदी, ‘सौ.’ तो तब लिखते हैं, जब पिताजी...”

सुमेधाने पिशवीत हात घालून माझ्यावर ठेवला. जागा ओली होती.

“बाबा ‘येतो’ कै गए हैं,” ती म्हणाली. “लिखिए.”

त्याने लिहिले.

मित्रांनो, माझी गोष्ट एवढीच. मी अजून त्याच पेटीत आहे. कधी तुमच्या हाती लागलो तर मला तांब्याचे भांडे समजून चिंच आणि राख लावू नका. जे थोडे उरले आहे तेही जाईल. शाईही लावू नका. आणि कुणाच्याही नावाआधी काही लिहायची वेळ आली, तर आधी नीट ऐका, पुन्हा एकदा विचारा, हात धुऊन या. हवे तर मला आरशासमोर धरून बघा. चेहरा आता फारसा राहिलेला नाही. त्याच्या नावाआधीची जागा मात्र मोकळी आहे. ती मोकळीच ठेवा.